अर्ध्या गाडीची कुळकथा

रस्त्याकडेच्या झाडाखाली खुर्ची टाकून, मांडीवर पॅड घेऊन बसलेली माणसं तुम्ही कधीतरी पाहिली असतील. समोरून गाडी गेली की एक उभी रेघ, चार उभ्या झाल्या की पाचवी तिरकी. ही वाहतूक गणना. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९७२ च्या नियमावलीप्रमाणे ती वर्षातून निदान दोनदा करायची, एकदा सुगीत आणि एकदा मंदीच्या दिवसांत. दर खेपेला सलग ७ दिवस, २४ तास. रस्ते अभियंत्यांची ही संस्था १९३४ मध्ये स्थापन झाली ती आपल्या बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या समितीच्या शिफारशीवरून. कायदा आणि राजकारणासाठी लक्षात राहिलेल्या या माणसाचं रस्त्यांशी असलेलं नातं फारसं कुणाला ठाऊक नसतं.

गणनेच्या तक्त्यात मोटार, ट्रक, बस, दुचाकी, सायकल, बैलगाडी यांचे रकाने वेगळे. पण रस्ता किती रुंद करायचा हे ठरवताना अभियंत्याला एकच बेरीज लागते, आणि बैलात मोटार मिळवता येत नाही. मग सगळ्यांच्याच मोटारी करून टाकायच्या! या एककाचं नाव पॅसेंजर कार युनिट, बोलीत पीसीयू.

याचं मूळ मोटारींच्या देशांत आहे. अमेरिकेच्या १९६५ च्या 'हायवे कपॅसिटी मॅन्युअल'ने प्रश्न असा मांडला: वाहतुकीत एक ट्रक किंवा बस घुसली, तर किती मोटारींची जागा गेली? ब्रिटनमध्ये सिग्नलच्या वेळा बसवणाऱ्या वेबस्टर आणि कॉब यांनी १९६६ मध्ये मोटारसायकलला एक तृतीयांश मोटार मानलं, सायकलला एक पंचमांश. म्हणजे मोजमाप पहिल्यापासून अडथळ्याचं. मोटार हे माप, आणि बाकी सगळे तिच्या वाटेत आलेले.

आपल्याकडे ग्रामीण रस्त्यांसाठी १९९० मध्ये आलेल्या कोष्टकात ट्रक-बस ३, ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर ४.५, हातगाडी ३, टांगा ४ आणि बैलगाडी तब्बल ८! मोटारसायकल-स्कूटर ०.५. कारखान्याकडे उसाची मोळी नेणारी एक बैलगाडी म्हणजे सोळा मोटारसायकली, असा हा हिशेब. हसू येतं, पण त्या गाडीमागे कधी अडकला असाल तर आकडा फारसा चुकीचा वाटणार नाही.

शहरांसाठीचं कोष्टकही त्याच वर्षीचं. त्यात दुचाक्या एकूण वाहनांच्या ५ टक्के असतील तर प्रत्येकी ०.५, आणि १० टक्के किंवा जास्त असतील तर ०.७५. आपल्या कोणत्या शहरात त्या १० टक्क्यांहून कमी असतील?

पुढे वाहतुकीचे अभ्यासक सतीश चंद्र आणि सहकाऱ्यांनी जागा आणि वेग यांचं गुणोत्तर लावून हिशेब नव्याने मांडला. मोटार सुमारे ५.४ चौरस मीटर जागा व्यापते, दुचाकी १.२. दोघी सारख्याच वेगाने धावल्या, तर दुचाकी होते मोटारीच्या जेमतेम ०.२२. अर्धीची पाव झाली.

रस्त्याच्या रुंदीसाठी हे सगळं ठीकच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. ०.५ हा अडथळ्याचा आकडा. दुचाकीस्वाराला किती धोका आहे हे तो सांगत नाही आणि सांगण्यासाठी तो बनवलेलाही नाही. तरी रस्त्याचा आराखडा त्याच बेरजेवर उभा राहतो आणि रकान्यातल्या दुचाक्या त्या बेरजेत विरघळून जातात. मलेशियाने १९७० च्या दशकात क्वालालंपूरजवळच्या फेडरल हायवेवर मोटारसायकलींसाठी स्वतंत्र मार्गिका काढली. ती वाढवल्यानंतर तिथल्या अभ्यासात मोटारसायकल अपघात ३९ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. असं काही करायचं तर आधी दुचाकी दुचाकी म्हणूनच मोजलेली राहायला हवी.

आणखी एक गोष्ट त्या तक्त्यात नसते: गाडीवर माणसं किती. एकटा असो, मागे बायको आणि टाकीवर पोर असो, रेघ एकच. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची. हेल्मेट नसलेले ५०,०२९. त्यांपैकी १४,३३७ मागच्या सीटवर बसलेले होते.