सोलचे डोंगर, ओढा आणि पुंगसू

फेंगशुईचे कोरियन रूप म्हणजे पुंगसू. 1394 मध्ये जोसन घराण्याचा पहिला राजा थेजो याने राजधानी हानयांगला, म्हणजे आजच्या सोलला हलवली, तेव्हा जागेची निवड याच विचाराने झाली. उत्तरेला बुगाक, पूर्वेला नाकसान, दक्षिणेला नामसान, पश्चिमेला इनवांग अशा चार डोंगरांच्या कुशीत शहर वसले. बुगाकच्या पायथ्याशी ग्योंगबोकगुंग राजवाडा उभा राहिला आणि सुमारे 18 किलोमीटरचा तट डोंगरमाथ्यांवरून फिरवला गेला. मधला चोंगग्येचोन ओढा पूर्वेकडे वाहतो, तर दक्षिणेची हान नदी पश्चिमेकडे. हा उलटा प्रवाह शुभ मानला जाई.

विसाव्या शतकात ओढा काँक्रीटखाली गेला, वर उन्नत महामार्ग आला. 2003 ते 2005 दरम्यान तो पाडून सुमारे 5.8 किलोमीटर पात्र उघडे झाले. आज त्यातले बहुतेक पाणी पंपाने सोडावे लागते, म्हणून जुना ओढा परतला असे म्हणता येत नाही. तरी भर शहरात पाण्याकाठी चालण्याची जागा मिळाली, हे मोलाचेच. राजवाड्यासमोरची जपानी वसाहतकाळातील प्रशासकीय इमारत त्याआधीच, 1995-96 मध्ये पाडली गेली आणि राजवाड्यामागचा बुगाक समोरच्या राजमार्गावरून पुन्हा मोकळा दिसू लागला.