उणे चाळीस अंश

मे महिन्यातली दुपार. रेवसला आमच्या अंगणात उभा होतो, शर्ट पाठीला चिकटलेला, खाडीपलीकडचं करंजा उन्हात पांढरं पडलेलं. आणि माझ्या हातातला मोबाइल सांगत होता की समोर उभ्या असलेल्या गाडीच्या इंजिनातलं पाणी उणे चाळीस अंश सेल्सियसला आहे.

गाडी बाबांची. २०१२ सालची, मुंबई पासिंगची, बाबांनी सेकंडहँड घेतलेली. तीन महिन्यांपासून तिचं बिनसलं होतं. पेट्रोल जास्त खायची, मागून काळा धूर सोडायची, चावी फिरवली की रेडिएटरचा पंखा फिरायला लागायचा तो थांबायचाच नाही. अलिबागला आईला डॉक्टरकडे नेलं, की परतीच्या वेळी गरम इंजिन पुन्हा सुरू होईल की नाही याची खात्री नसायची. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा कायम पेटलेला. एका गॅरेजनं तापमानाचा सेन्सर बदलला. आठवड्यात दिवा परत आला. दुसऱ्यानं सांगितलं, ‘कंट्रोल युनिट गेलंय’, आणि गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्मा खर्च सांगितला. बाबा काही विचारायला गेले तेव्हा तिथला माझ्याहून लहान पोरगा म्हणाला, “काका, हे तुमच्या काळातलं नाही. आता सगळं कॉम्प्युटरवर असतं.”

बाबांनी तीस वर्षं मासेमारीच्या बोटींची डिझेल मशिनं दुरुस्त केली. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून कुठल्या सिलिंडरमध्ये गडबड आहे ते सांगणारा माणूस. ते घरी आले आणि म्हणाले, “भंगारात देऊन टाकू.” गाडीपेक्षा मला त्या आवाजाचं वाईट वाटलं. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले एरर शोधतो. पुढच्या सुट्टीला ब्लूटूथचा एक छोटा स्कॅनर आणि मल्टीमीटर घेऊन घरी आलो.

पण आधी तो प्रश्न. बाबांचा ‘काळ’ कोणता, आणि तो संपला का?

त्या काळाची गाडी म्हणजे पद्मिनी. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून निघालेली, मुंबईची काळीपिवळी टॅक्सी झालेली. तिच्यात कार्ब्युरेटर होता. हवेच्या ओढीनं पेट्रोल आत खेचलं जायचं, आणि सकाळी इंजिन थंड असलं की ड्रायव्हर चोक ओढायचा. चोक ओढला की हवा कमी, पेट्रोल जास्त. थंड इंजिनाला तेच लागतं. म्हणजे ‘इंजिन थंड आहे’ हे कळणारा सेन्सर तेव्हाही होता. तो ड्रायव्हर होता.

हे बदललं ते हवेमुळे. जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरवणारं धुकं उतरलं. महायुद्ध चालू होतं, लोकांना जपानचा विषारी वायूचा हल्ला वाटला. पुढे कॅल्टेकमधले डच रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या आसपास त्याचं मूळ शोधलं. ते तोवर अननसाच्या वासातल्या रसायनांचा अभ्यास करत होते. गाड्यांच्या धुरातले घटक आणि ऊन यांच्या क्रियेतून हे धुकं तयार होतं, हे त्यांनी दाखवलं. कॅलिफोर्नियानं हवेसाठी मंडळ नेमलं तेव्हा तेच त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

१९७५ पासून अमेरिकेतल्या नव्या गाड्यांच्या धुराड्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. धुरातले तिन्ही मुख्य विषारी घटक एकदम कमी करायचे तर त्याची अट कडक असते: एक भाग पेट्रोलला वजनानं साधारण १४.७ भाग हवा, सतत. चोक ओढणाऱ्या हाताला हे जमणार नव्हतं. १९७६ मध्ये बॉशचा ऑक्सिजन सेन्सर व्होल्वोच्या गाडीत आला. त्याचं ऐकून पेट्रोल मोजून देणारा कॉम्प्युटर आला. कॉम्प्युटरला हवा किती, तापमान किती, इंजिनाचा दांडा कुठे आहे हेही कळायला हवं, म्हणून आणखी सेन्सर आले. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर हा त्या चोकचा वारसदार.

यात एक अडचण झाली. गाडीत काय बिघडलं हे कॉम्प्युटरला कळायचं, पण तो बोलायचा फक्त आपल्या कंपनीच्या भाषेत. प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे, सॉकेट वेगळं. कॅलिफोर्नियानं १९८८ पासून नव्या गाड्यांना स्वतःची तपासणी करून दिवा लावणं सक्तीचं केलं. १९९० मध्ये अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यात दुरुस्ती झाली, आणि बाहेरच्या मेकॅनिकलाही दुरुस्तीची माहिती दिली पाहिजे, असं कंपन्यांना बजावलं गेलं. १९९६ पासून तिथल्या सगळ्या नव्या कार एकाच आकाराच्या सोळा पिनांच्या सॉकेटमधून, समान कोडमध्ये बोलू लागल्या. हिशोब सरळ होता. दिवा वाचणं अवघड आणि महाग असेल तर लोक दुरुस्ती टाळतील, आणि हवा तशीच राहील.

आपल्याकडेही हे धुराच्याच वाटेनं आलं. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातल्या नव्या गाड्यांना युरोपीय मानकं लावली. त्याच सुमारास मुंबईत धुरानं त्रासलेल्या रहिवाशांची याचिका उच्च न्यायालयात होती. न्यायालयानं लाल समिती नेमली आणि शहरातल्या जुन्या टॅक्सींचा प्रश्न ऐरणीवर आला. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं, कारण शिशानं कन्व्हर्टर निकामी होतो. १ एप्रिल २०१० पासून तेरा शहरांत बीएस-४ लागू झालं, महाराष्ट्रातली तीन: मुंबई, पुणे आणि सोलापूर. त्याबरोबर गाडीची स्वतःची तपासणीही आली, आणि २०१३ पासून ती आणखी कडक झाली. रायगड त्या यादीत नव्हता. आमच्या अंगणात तो दिवा आला तो मुंबईच्या पासिंगबरोबर.

म्हणजे बाबांना ज्या सॉकेटनं बाद ठरवलं, ते सॉकेट मुळात बाबांसारख्या माणसाला गाडी वाचता यावी म्हणूनही आहे. स्टिअरिंगखाली हात घालून मी स्कॅनर लावला. कोड आला पी-०११८. अर्थ: कूलंट तापमानाचं सर्किट, इनपुट जास्त.

इथे बहुतेक जण फसतात, मीही फसलो असतो. कोडमध्ये ‘सेन्सर खराब’ असं लिहिलेलं नाही, ‘सर्किट’ लिहिलंय. सेन्सर, दोन वायरी, त्यांचे कपलर आणि कंट्रोल युनिट, यातलं काहीही. कंट्रोल युनिटला एक विचित्र आकडा दिसला, एवढीच त्याची तक्रार. निकाल आपण लावायचा.

हा सेन्सर म्हणजे तापलं की विजेला कमी अडवणारा एक तुकडा. हा गुण मायकेल फॅरडेनं १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता. कंट्रोल युनिट त्याला पाच व्होल्ट देतं आणि त्यातले किती उरतात त्यावरून तापमान ओळखतं. वायर तुटली तर पाचच्या पाच उरतात. कंट्रोल युनिटला वाटतं, अडथळा अफाट, म्हणजे थंडी अफाट. त्याच्या तक्त्यात शेवटचा आकडा असतो उणे चाळीस. म्हणून मे महिन्यात रेवसला बर्फ. इतक्या थंड इंजिनाला ते भरपूर पेट्रोल पाजतं, म्हणून काळा धूर, म्हणून गरम असताना सुरू न होणं. आणि तापमान कळतच नाही म्हटल्यावर इंजिन जळू नये यासाठी पंखा सतत चालू ठेवतं. तिन्ही लक्षणांचं मूळ एक.

बाबांनी गॅरेजनं काढलेला जुना सेन्सर डब्यात जपून ठेवला होता. बोटीवरचा माणूस काही टाकत नाही. मल्टीमीटर लावला: दीड हजार ओहमच्या आसपास. आईचं एक फुटकं पातेलं मागून घेतलं, त्यात पाणी उकळवलं, सेन्सर बुडवला. आकडा उतरत उतरत दोनशेच्या खाली गेला. सेन्सर पहिल्यापासून धडधाकट होता. बाबा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होते.

मग इंजिन पूर्ण थंड असताना सेन्सरचा कपलर काढला आणि चावी चालू केली. एका वायरवर, बॅटरीच्या निगेटिव्हच्या तुलनेत, पाच व्होल्ट बरोबर मिळाले. म्हणजे कंट्रोल युनिट निदान आपला हा भाग नीट करत होतं. पण त्या वायरीच्या जोडीदाराशी, परतीच्या वायरीशी मोजलं तर पाच व्होल्ट दिसेनात. परतीचा रस्ता कुठेतरी तुटला होता. पण कुठे? वायरिंगचा जाड गुच्छ इंजिनभर फिरलेला.

मी मोबाइलवर आकृती शोधत बसलो. बाबा म्हणाले, “कपलर परत लाव. तू आकडा बघ, मी हलवतो.” त्यांनी गुच्छ एका टोकाकडून वीत वीत पुढे हलवत आणला. बोटीत मशीन चालू-बंद व्हायला लागलं की ते हेच करायचे. बॅटरीच्या ट्रेखाली पोचल्यावर मोबाइलवर उणे चाळीसचे एकदम चौतीस झाले. पुन्हा उणे चाळीस. पुन्हा चौतीस.

“थांबा बाबा! तिथेच!”

टेप सोडली. वायर बाहेरून चांगली दिसत होती. बाबांनी वरचं प्लॅस्टिक सोललं तर आत तांब्याऐवजी हिरवी भुकटी. खारी हवा आणि पावसाचं पाणी एका बारीक चिरेतून आत शिरून कित्येक वर्षं खात बसलेलं. “ही तर आमची रोजची बिमारी,” बाबा म्हणाले. त्यांनी खराब भाग दोन्हीकडून चकचकीत तांबं लागेपर्यंत कापला, नवा तुकडा सोल्डर केला, वर नळी चढवून तापवून आवळली. खर्च शंभर रुपयेही नाही.

कोड पुसला. चावी फिरवली. पंखा फिरला नाही. बाबांनी सवयीनं स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावली आणि मी मोबाइलवर आकडा वर चढताना पाहत राहिलो: पस्तीस, पन्नास, सत्तर. नव्वद ओलांडल्यावर पंखा आपोआप लागला, थोड्या वेळानं आपोआप थांबला.

घरी हे करून पाहणार असाल तर कोड आधी लिहून घ्या, मग पुसा. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. आणि कोडमध्ये ज्या भागाचं नाव आहे तो भाग विकत घेण्याआधी त्याच्यापर्यंत जाणारी वायर तपासा. समुद्राजवळ राहत असाल तर नक्कीच.

निघताना स्कॅनर बाबांकडेच ठेवला. परवा त्यांचा फोन आला. शेजाऱ्याच्या गाडीत दिवा लागलाय, कोड पी-०११३, म्हणजे काय विचारत होते. मी सांगितलं, आत जाणाऱ्या हवेच्या तापमानाचं सर्किट.

“सर्किट ना?” बाबा म्हणाले. “मग आधी वायर हलवून बघतो.”