आमची वंशावळ कुणी जपली?


वंशावळ म्हटलं की आपली पोरं तोंड फिरवतात. ते सरदार-पाटलांचं काम, आपण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात नव्याने जन्मलो, मागची घाण कशाला उकरायची, असं म्हणतात. बोलणं खोटं नाही. पण आपण उकरलं नाही तर दुसरा कुणी उकरणार, आणि त्याला पाहिजे तसा आपला बाप लिहिणार. आजवर तेच झालंय.

नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांकडे यजमानांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या वह्या आहेत. त्याच नाशकात काळारामाच्या दारात २ मार्च १९३० पासून आपल्या माणसांना सत्याग्रह करावा लागला. ज्यांना दारच बंद, त्यांनी वहीत पान कुठं शोधायचं?

मग आपली नावं कुठं आहेत? जिथं आपल्याला राबवलं तिथं. येसकरकी, तराळकी, शिवेच्या तंट्यात साक्ष, मयताची वर्दी घेऊन उन्हातान्हात दुसऱ्या गावाला पळणं, हे सगळं वतनाच्या नावाखाली. १८७४ च्या वतन कायद्यानं ही वेठ कागदावर पक्की केली. वतन म्हटलं की हिस्सेदार आले, वारस आले, बाप-आजा आला. म्हणून वतनाच्या जुन्या नोंदी आणि फेरफार बघावेत. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात या वतनाविरुद्ध बिल आणलं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. साखळी तुटली ते बरंच झालं. पण तिच्या कड्यांवर बापजाद्यांची नावं आहेत, ती वाचून घेतली पाहिजेत.

दुसरी जागा कोतवाल बुक. गावची जन्ममृत्यूची जुनी नोंद. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, तेव्हा हेच पान कामाला येतं. मीही दाखल्यासाठीच गेलो होतो. पाळी करून, झोप मोडून तीन खेपा घातल्या. साहेबानं 'सापडत नाही' म्हणून वाटेला लावलं. तिथल्या शिपाईमामांनी मात्र जेवणाची सुट्टी मोडून धुळीतलं बाड काढून दिलं. अक्षर मोडी. एका रिटायर मास्तरांनी चार रविवार बसून ते वाचून दाखवलं. पैसे विचारले तर म्हणाले, "पोरा, तू मोडी शीक, तेच माझे पैसे." आता शिकतोय.

पानावर काय होतं? खापरपणज्याच्या नावाला शेवटी 'नाक'. पुढं जात. आडनाव नाही. भीमा कोरेगावच्या खांबावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईतल्या शिपायांची अशीच 'नाक'वाली नावं कोरलेली आहेत. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या खांबासमोर उभे राहिले. तेव्हा नावामागचं 'नाक' बघून लाजायचं कारण नाही.

पण आमच्या पानावर एकाही बाईचं नाव नव्हतं. पोर जन्मलं ते बापाला, जणू आई नव्हतीच. ती रिकामी जागा माझ्या आत्यानं भरली. आत्याला अक्षर येत नाही. पण सात बायांची नावं, त्यांची माहेरं, कोण दुष्काळात खडी फोडायला गेली, कोण बाळंतपणात गेली, सगळं तोंडपाठ. जात्यावर बसून तिनं ते आपल्या आजीकडून घेतलेलं. सरकारच्या दप्तरात नव्हतं ते एका म्हातारीच्या तोंडात होतं.

चळवळीचा इतिहासही असाच जमलाय. चांगदेव खैरमोड्यांनी बाबासाहेब हयात असताना कागद नि आठवणी गोळा केल्या आणि १९५२ मध्ये चरित्राचा पहिला खंड काढला. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बाया शोधून त्यांना बोलतं केलं, म्हणून १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' आलं. 

एक सांगतो. पूर्वज शोधताना राजा शोधू नका. आपण मूळचे क्षत्रिय होतो असं कुठंतरी निघेल, या आशेनं जाऊ नका. राजा निघाला तरच आपण माणूस, असं मानलं तर मनू जिंकला. रात्रीबेरात्री वर्दी घेऊन पळालेला आजा आणि जात्यावर नावं जपणारी आजी, एवढा वंश आपल्याला पुरे आहे.

आणि वही घातली की दोन रकाने पाडा. एकात पूर्वजाचं नाव. दुसऱ्यात ते नाव ज्यानं सांगितलं, वाचलं, शोधून दिलं त्याचं. शिपाई असो, मास्तर असो, आत्या असो, त्यांच्या जातीचा रकाना नको. आपलं नाव दुसऱ्याच्या वहीत राहिलं नाही, म्हणून आपल्या वहीतून कुणाचं राहता कामा नये. येत्या रविवारी वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडे जा. पेन घेऊन जा. उशीर करू नका.

जयभीम.