वाय-फाय असो वा नसो, अँड्रॉइड फोनमध्ये ॲप असं घ्या!

भामरागड, एटापल्ली, कोरची, जिवती या भागातल्या मित्रांचा एक ठरलेला प्रश्न असतो: प्ले स्टोअरवर ॲप इन्स्टॉल करायला गेलं की 'वेटिंग फॉर वाय-फाय' येतं आणि गाडी तिथेच अडते. गावात वाय-फाय नाही, मग करायचं काय?

फोन बिघडलेला नाही, हे फक्त सेटिंग आहे. प्ले स्टोअरमध्ये वर उजवीकडे आपल्या फोटोवर टॅप करा, सेटिंग्जमधून नेटवर्क प्रेफरन्सेसमध्ये जा आणि 'ॲप डाउनलोड प्रेफरन्स'ला 'ओव्हर एनी नेटवर्क' निवडा. बस्स, मोबाइल डेटावर डाउनलोड सुरू. तिथलंच 'ऑटो-अपडेट ॲप्स' मात्र वाय-फायवरच ठेवा, नाहीतर दिवसाचा डेटा सकाळीच संपेल.

चंद्रपूरला जाणं झालं तर रेल्वे स्टेशन आठवा. रेलटेलचं वाय-फाय जिथे आहे तिथे रोज पहिली 30 मिनिटं फुकट मिळतात, वेग 1 एमबीपीएस. हिशोब केला तर जास्तीत जास्त 225 एमबी होतात. म्हणजे दोन-चार कामाची ॲप्स बसतील, मोठा गेम नाही.

आता खरी गंमत. नेट अजिबात नसेल, पण मित्राच्या फोनमध्ये ते ॲप असेल तरी काम होतं. दोघांनी ब्लूटूथ आणि लोकेशन चालू करा. प्ले स्टोअरमध्ये फोटोवर टॅप करून 'मॅनेज ॲप्स अँड डिव्हाइस' उघडा. तिथे 'शेअर ॲप्स'समोर मित्राने 'सेंड' आणि तुम्ही 'रिसीव्ह' दाबायचं. दोन्ही फोनवर एकच कोड दिसतो का ते बघा आणि स्वीकारा. डेटा एक एमबीही जात नाही. पूर्वी आपण शेअरइट, झेंडर वापरायचो, पण 29 जून 2020 रोजी सरकारने बंदी घातलेल्या 59 ॲप्समध्ये ही दोन्ही होती. तसंही मला प्ले स्टोअरचाच रस्ता जास्त भरवशाचा वाटतो, कारण ॲप खरं आहे का हे तो स्वतः तपासतो.

एक उदाहरण घ्या. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. धानाची नोंद मुदतीत सातबाऱ्यावर चढली नाही, तर पुढे धान विकताना बाबांची अडचण होते. घरात स्मार्टफोन बहुतेक तुमच्याकडेच, त्यामुळे हे काम तुमच्यावरच येणार! ॲप शेजाऱ्याच्या फोनमधून घेता येईल, पण त्याच्याकडे जुनं व्हर्जन असेल तर तुम्हालाही जुनंच मिळेल. म्हणून रेंज मिळाली की आधी अपडेट करा. पहिल्या नोंदणीला नेट लागतंच, तेव्हा शेवटच्या तारखेची वाट बघू नका.

आणि हो, व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' किंवा 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल आली तर ती उघडूच नका. अशी बनावट ॲप्स एसएमएसची परवानगी मागतात, ओटीपी वाचतात आणि बँक खातं रिकामं करतात. एखादी चुकून टाकली गेलीच असेल, तर लगेच फोन एअरप्लेन मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.