वाळीत टाकलेला सर्व्हर

रत्नागिरीत बसून वाळीत टाकणं म्हणजे काय हे समजवायला नको. गावकीनं ठरवलं की त्या घराशी बोलणं बंद, मयताला खांदा देणंही बंद. महाराष्ट्रानं २०१६ साली त्याविरुद्ध कायदा केला. ईमेलच्या जगात मात्र हा प्रकार १९९७ पासून राजरोस चालतो, आणि खरं सांगायचं तर त्याशिवाय चाललंही नसतं.

तेव्हा स्पॅमनं उच्छाद मांडला होता. अमेरिकेत पॉल विक्सी यांनी स्पॅम पाठवणाऱ्या आयपी पत्त्यांची काळी यादी सुरू केली. पुढे ती डीएनएसवर आली. म्हणजे कसं, तर मेल दारात आली की सर्व्हर यादीला विचारतो, "हा पत्ता तुझ्याकडे आहे का?" '१२७.०.०.२' असं काहीतरी उत्तर आलं, तर मेल परत. उत्तरच नाही, तर पाहुणा आत. क्षणाचं काम, माणसाचा हात लागत नाही.

आता समजा, इथल्या एखाद्या बागायतदाराची वेबसाइट स्वस्तातल्या होस्टिंगवर आहे. एकाच आयपीवर शेकडो बिऱ्हाडं. त्यातलं एक हॅक झालं, की ऐन एप्रिलात हापूसची बिलं परत येणार. गुन्हा शेजाऱ्याचा, वाळीत हा. निदान परत आलेल्या मेलमध्ये यादीचं नाव बहुधा असतं. तिथे जाऊन नाव काढायचा अर्ज करता येतो, पण आधी हॅक झालेलं बिऱ्हाड साफ व्हायला हवं.

उलटा प्रकार जास्त फसवा. 'ओआरडीबी' ही यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. तरी असंख्य सर्व्हर तिला विचारतच राहिले. उत्तर नाही म्हणून सगळ्यांना आत घेत राहिले, कुणाला पत्ताच नाही! शेवटी मार्च २००८ मध्ये चालकांनी प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणायला सुरुवात केली. एका दिवसात त्या सर्व्हरांनी अख्खं जग वाळीत टाकलं. क्रूर वाटतं, पण दुसऱ्या कुठल्या उपायानं ते जागे झाले असते असं मला वाटत नाही. 'ऑसिरुसॉफ्ट'नं २००३ मध्ये हेच केलं होतं. 'सॉर्ब्स' तर परवा, २०२४ मध्ये बंद झाली. कितीतरी जुन्या सेटिंगमध्ये ती ओळ अजून असेल.

म्हणून येणारी मेल अचानक ठप्प झाली, तर आधी आपल्याच सेटिंगमधल्या याद्या तपासा. २०१० च्या आरएफसी ५७८२ मध्ये सोपी परीक्षा दिलीय. '१२७.०.०.२' विचारलं तर जिवंत यादीनं "हो" म्हणायलाच हवं, आणि '१२७.०.०.१' ला कधीच नाही. दुसऱ्यालाही "हो" आलं, किंवा पहिल्याला उत्तरच आलं नाही, तर ती ओळ त्याच दिवशी खोडून टाका.