एक चिप, दोन वाटेकरी आणि चालू-बंदचा हक्क

आजचा विषय चिपचा आहे, पण सुरुवात बारामती-इंदापूरच्या पाण्यापासून करू. तिथून तो लवकर कळतो.

नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. बारामतीतून पाणी पुढे इंदापुरात जातं. एकाच चारीवर कितीतरी शेतं. आपलं भिजलं म्हणून एखाद्यानं दार पाडलं, तर खालच्याचा ऊस वाळलाच. म्हणून दार शेतकऱ्याच्या हातात नाही. सात नंबरचा फॉर्म भरायचा, पाळी आली की पाटकरी दार उघडणार. (प्रत्यक्षात काय काय होतं ते टेलच्या लोकांना विचारा!)

आता चिप. मोबाइलमधलं वायफाय आणि ब्लूटूथ बहुतेकदा एकाच चिपमध्ये असतं. वीज सामाईक, कधी रिसेटची तारही सामाईक. पण लिनक्समध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्या पायाशी, दोघांचे ड्रायव्हर वेगळे आणि एकमेकांना न ओळखणारे. ब्लूटूथनं काम संपलं म्हणून वीज तोडली, की वायफायवर चाललेला व्हिडिओ कॉल गेला. रिसेट तर त्याहून वाईट. एकानं झटका दिला की दुसऱ्याचीही पाटी कोरी.

अर्धं उत्तर २००८ मध्येच आलं होतं. कर्नल २.६.२७ मध्ये रेग्युलेटरची यंत्रणा आली. ती वापरणारे मोजते, आणि शेवटचा उठला की मगच वीज बंद. पुढे २०१६ मध्ये सामाईक रिसेटलाही अशीच मोजणी मिळाली.

पण नुसत्या मोजणीनं भागेना. क्वालकॉमची क्यूसीए६३९० घ्या. वायफाय आणि ब्लूटूथ चालू करणाऱ्या तिच्या दोन तारांमध्ये १०० मिलिसेकंदांचं अंतर लागतं. ते कोण पाळणार? शिवाय वायफाय पीसीआयईवर. तिथं चिप दिसल्याशिवाय ड्रायव्हर जागा होत नाही, आणि वीज मिळाल्याशिवाय चिप दिसत नाही. मग पहिली वीज द्यायची कुणी?

२०१२ मध्ये अलेक्झांडर कूर्बो यांनी चालू-बंदचा क्रम हार्डवेअरच्या वर्णनाच्या फाइलीतच लिहायचं सुचवलं. ते मूळ कर्नलमध्ये गेलं नाही. २०२१ मध्ये दिमित्री बारिश्कोव्ह यांचा प्रयत्नही अडला. तोवर कंपन्यांनी आपापल्या कर्नलला ठिगळं लावून काम भागवलं. मला यातली खरी अडचण हीच वाटते. कंपनीनं हात काढले की ते ठिगळ सांभाळायला कुणी उरत नाही, आणि धडधाकट फोन नव्या कर्नलला मुकतो.

मग बार्तोश गोलाशेव्स्की यांनी वेगळा विचार केला. चिपमधला वीज वाटणारा भाग हेच स्वतंत्र यंत्र माना, आणि क्रम त्याच्या ड्रायव्हरकडे द्या. वायफाय-ब्लूटूथनं फक्त ‘मला हवंय’, ‘माझं झालं’ एवढंच सांगायचं. पीसीआयईचा पेचही यातच सुटला, कारण वायफायचा ड्रायव्हर जागा व्हायच्या आधीच वीज पोचते. सप्टेंबर २०२४ च्या लिनक्स ६.११ मध्ये हे आलं.

त्या १०० मिलिसेकंदांचं काम तर फारच नेटकं केलंय. शेवटची तार कधी वर गेली ते हा ड्रायव्हर लक्षात ठेवतो आणि उरलं असेल तेवढंच थांबतो. साठ सरले असतील, तर फक्त चाळीस.