ट्यूबलाइटच्या चोकची कुळकथा

लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर तांब्याच्या तारेचे वेटोळे गुंडाळून केलेला चोक हा ट्यूबलाइटपेक्षा वयाने मोठा आहे, कारण ज्या अडचणीवरचा तोडगा म्हणून तो आला, ती अडचण एकोणिसाव्या शतकातील प्रज्योत दिव्यांपासूनची आहे. या दिव्यांत दोन कार्बन कांड्यांमधील फटीतून, म्हणजे तापलेल्या वायूतून, वीज वाहते आणि ती ओहमच्या नियमाने वागत नाही. धातूच्या तारेतील प्रवाह वाढवण्यासाठी विद्युत दाब वाढवावा लागतो. वायूत मात्र प्रवाह वाढला की आयनीभवन, म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होण्याची क्रिया, जोर धरते, वीज वाहून नेणारे कण वाढतात आणि पूर्वीपेक्षा कमी दाबावर अधिक प्रवाह वाहू लागतो. या गुणधर्माला ऋण रोध म्हणतात. ब्रिटनमधील संशोधिका हर्था आयर्टन यांनी प्रज्योतीचा दाब, प्रवाह आणि लांबी यांचे परस्परसंबंध मोजून १९०२ मध्ये ‘द इलेक्ट्रिक आर्क’ या ग्रंथात मांडले.

असा दिवा स्थिर दाबाच्या पुरवठ्याला थेट जोडल्यास प्रवाह अनावर वाढतो; म्हणून त्याच्याशी एकसरीत रोध जोडत, जेणेकरून प्रवाह वाढताच रोधावरील दाब वाढून दिव्याच्या वाट्याचा दाब घटे. रोधात पुष्कळ वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते, तर प्रत्यावर्ती प्रवाहाच्या मंडलातील वेटोळे चुंबकीय क्षेत्रात साठवलेली बहुतेक ऊर्जा परत करते. त्यामुळे तेथे रोधाची जागा चोकने घेतली.

अमेरिकेतील पीटर कूपर ह्यूइट यांचा १९०१ चा पाऱ्याच्या वाफेचा दिवाही अशा जोडीदाराविना चालत नसे, आणि त्याचा निळसर-हिरवा प्रकाश घरांत रुचला नाही. पाऱ्याच्या विरळ वाफेतून निघणाऱ्या २५४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या जंबुपार किरणांचे काचेच्या आतील अनुस्फुरक लेपाने दृश्य प्रकाशात रूपांतर करणारी नळी जॉर्ज इनमन यांच्या गटाने जनरल इलेक्ट्रिकमध्ये घडवली व ती १९३८ मध्ये बाजारात आली.

या नळीने चोकवर दुसरे काम सोपवले. चाळीस वॉटची ट्यूब पेटल्यावर तिला सुमारे १०० व्होल्ट पुरतात, परंतु पेटण्यासाठी त्याहून बराच जास्त दाब लागतो. स्टार्टरची पट्टी उघडून प्रवाह अचानक तुटला की चोकमध्ये काही शे व्होल्टांचा क्षणिक दाब उपजतो आणि नळी पेटते.

पुढे आलेल्या इलेक्ट्रॉनिक चोकने नळीला सेकंदाला वीस हजारांहून अधिक आवर्तनांचा प्रवाह पुरवला. आवर्तनांच्या दरम्यान आयनीभवन ओसरण्यास वेळ न उरल्याने तेवढ्याच प्रकाशाला सुमारे एक दशांश वीज कमी लागू लागली. पाऱ्याच्या वापरावर निर्बंध घालणाऱ्या मिनामाता कराराच्या २०२३ च्या परिषदेत अनुस्फुरक दिव्यांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवण्याचे ठरले आहे. तथापि त्यांची जागा घेणाऱ्या एलईडीतही दाबातील किंचित वाढीने प्रवाह झपाट्याने वाढतो, म्हणून तिला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या मंडलाला प्रवाह मर्यादित ठेवावाच लागतो. चोकचे काम त्याच्या वारसाकडे गेले आहे, संपलेले नाही.